तुराटी हो, तुराटी!

थांबा! हातातलं काम ठेवा आणि आधी माझं ऐका! नाही, चहा नंतर! मागच्या मंगळवारी दुपारी पाऊण वाजता मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. नवऱ्याला चारदा सांगून झालं, दूधवाल्याला सांगितलं, तो "हाव का?" म्हणाला, माप ओतलं आणि निघून गेला, आणि मग मी नणंदेला फोन लावला, तिच्याकडे पाहुणे होते तरी सांगितलं, आणि मग गल्लीत सांगायला कोणी उरलंच नाही, म्हणून आता तुम्ही!

तर प्रश्न असा. शेजारचं कुत्रं आपल्या भाजीच्या वाफ्यात शिरतं. काय करायचं?

तुराट्या! तुरीच्या वाळलेल्या काड्या! वाफ्यावर आडव्या-उभ्या टाकायच्या! बस्स!

हसू नका. मला माहीत आहे, मूर्तिजापुरात तुराटीचा शोध लागला म्हणून ओरडणं म्हणजे नागपुरात संत्रं सापडलं म्हणून ओरडण्यासारखं आहे. इथं जिकडेतिकडे तुराट्या! पण मला काय माहीत? मी अमरावतीची, तेही तिसऱ्या मजल्यावरची. लग्नाआधीची माझी सगळी शेती म्हणजे गॅलरीतली एक तुळस, आणि तीसुद्धा वाळली. कुत्र्यांबद्दलचं ज्ञान एवढंच की शेपूट हललं तर बरं. त्यामुळे जाणकारांनी पुढचं वाचू नये. बाकीच्यांनी या, इकडे या, सांदवाडीत या, चपला काढू नका, काटे आहेत!

हे बघा माझे चार वाफे. एकात सांबार, एकात पालक, एकात अंबाडी आणि त्या कडेच्या वाफ्यात भेंडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या मंडळींनी घाबरू नये. आणि ती भिंत दिसते ना, कमरेएवढी, तिच्या पलीकडे काकू आणि काकाजी राहतात, आणि त्यांच्याकडे राहतो भुऱ्या.

भुऱ्या वाईट नाही हो! चावत नाही, भुंकतोसुद्धा कधीमधीच. पण मार्च लागला की रोज दुपारी पाऊण वाजता तो भिंतीवरून उडी मारणार, थेट वाफ्यात जाणार, पुढच्या दोन पायांनी खरखर माती मागे फेकणार, आणि मग गोल फिरणार, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग त्या खड्ड्यात पोट टेकून असा काही पसरणार, की वाटावं ह्यानंच रजिस्ट्री करून घेतलीय! आमच्या जंक्शनवरून यवतमाळ-अचलपूरची शकुंतला चालू होती तेव्हा तिनं वेळ पाळल्याचं कोणी सांगत नाही. भुऱ्यानं एक दिवस चुकवला नाही!

मग मी काय काय केलं? सगळं केलं! ऐका, आणि कुणाला सांगू नका.

आधी खराटा घेऊन धावले. दोन दिवस धावले. तिसऱ्या दिवशी सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गाडगेबाबाच्या मुलखात खराटा कुत्र्यावर उगारतं का कोणी?" आणि खरंच की! बाबांचं लहानपण गेलं ते दापुरं आमच्याच तालुक्यात! आणि त्यांनी जन्मभर खराटा हातात धरला तो झाडायला! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तोच खराटा घेऊन अंगण झाडून काढलं. भुऱ्या वाफ्यात बसून बघत होता.

मग बाटल्या! तुम्हीही लावल्या असतील, खरं सांगा! प्लास्टिकच्या बाटलीत लाल पाणी भरायचं आणि फाटकाला टांगायचं, म्हणे कुत्रं फिरकत नाही. आमच्या गल्लीत अकरा घरांसमोर बाटल्या आहेत, मी मोजल्या! मीही लावल्या, होळीचा उरलेला रंग घालून. आणि मग पोरानं मोबाइलवर शोधून काढलं की कुत्र्याला लाल रंग नीट दिसतच नाही! १९८९ साली अमेरिकेत जे नाइट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या मंडळींनी कुत्र्यांना शिकवून तपासलं, तर त्यांना निळा आणि पिवळा कळतो, लाल मात्र आपला मळकट काहीतरी! म्हणजे मी भुऱ्याला घाबरवायला मळकट पाणी टांगलं होतं! मग लाल ओतलं, नीळ घातली. सुंदर निळ्या बाटल्या! उन्हात काय चमकत होत्या! भुऱ्या आला, थांबला, एकेक बाटली हुंगली (मी खिडकीआड श्वास धरून!), आणि मग शांतपणे एक पाय वर केला आणि पहिल्या बाटलीवर सही केली. मग दुसरीवर. कुत्र्याच्या दारात नवी वस्तू ठेवली की तो आधी आपलं नाव लावतो, हे कुणी मला आधी का सांगितलं नाही?

आणि ही खुळं फक्त आपलीच नाहीत बरं! जपानात मांजरं येऊ नयेत म्हणून घराच्या कडेनं पाण्याच्या बाटल्या मांडतात. आणि तिथले आग विझवणारे लोक बजावतात की बाटलीतून ऊन एका जागी गोळा होऊन पेट घेतो! हे वाचलं आणि मला आमच्या दारातली कुटाराची पोती आठवली, आणि मग आमच्या एप्रिलचं ऊन आठवलं, आणि मी अनवाणी धावत जाऊन सगळ्या बाटल्या काढल्या. पाय पोळले. बाटल्या गेल्या.

मग साड्या! रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून आपल्याकडे कास्तकार वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, बसमधून बघितलंच असेल, धुऱ्याधुऱ्यानं रंगीबेरंगी साड्या फडफडताना! मला वाटलं, डुक्कर थांबतं तर भुऱ्या काय चीज! सहा साड्या बांधल्या. एक तर माझ्या डोहाळजेवणातली. भुऱ्याला फार आवडल्या. आता त्याला वाफ्यात सावलीही मिळाली!

मिरचीपूड एकदाच टाकली. वारा सुटला आणि ती माझ्याच डोळ्यांत आली. न्याय झाला म्हणा. डांबरगोळ्या टाका असं एकानं सुचवलं. त्या टाकू नका हो, कुत्र्यानं गिळली तर विषच आहे ते! आणि दुसरा एक जण दबक्या आवाजात त्याहून वाईट काहीतरी सुचवून गेला. त्याला मी फाटकाबाहेर काढलं. जनावराला विष घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि कायदा नसता तरी! भुऱ्या माझ्या पोराला शाळेच्या ऑटोपर्यंत सोडायला जातो!

हे कलम मला कसं माहीत? कारण माझा धाकटा दीर वकील आहे आणि मी त्याला रात्री साडेदहाला फोन केला होता. म्हटलं, भाऊजी, ह्याला कोंडवाड्यात टाकता येतं का? ते हसले. हसत राहिले. मग म्हणाले, कायदा पाठवतो, वाचा. आणि मी वाचला! १८७१ सालचा, गुरं दुसऱ्याच्या जमिनीत शिरली तर काय करायचं त्याचा! आणि त्यात गुरं म्हणजे कोण कोण, त्याची यादी आहे! काय यादी आहे हो! हत्ती आहेत! उंट आहेत! म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढे, मेंढ्या, कोकरं, शेळ्या, करडं! आणि कुत्रं? नाही! उद्या हत्ती माझ्या सांबारात उभा राहिला तर माझ्या बाजूनं कायदा आहे, भुऱ्या बसला तर नाही! मी ती यादी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. तो झोपला होता.

संत्र्याची सालं मात्र चालली! मृग बहाराची संत्री घरात होती, सालं वाफ्यात पसरली, भुऱ्यानं नाक आत घातलं आणि असा शिंकला की बस! तीन दिवस आला नाही! मी तीन दिवस गल्लीत संत्री वाटली, खा आणि सालं द्या म्हणून. चौथ्या दिवशी सालं वाळून कडक झाली, वास उडाला, आणि भुऱ्या सालांवर झोपला.

तर आता तो मंगळवार! जवळ या!

सोमवारी संध्याकाळी वावधन सुटलं. पत्रे वाजले, लाइन गेली, नेहमीचंच. भिंतीला मी तुराट्यांची एक जुडी उभी करून ठेवली होती. पुढं चवळीचे वेल चढवायचे म्हणून एका ओळखीच्या कास्तकारानं दिलेली. ती जुडी कोसळली, सुतळी तुटली आणि तुराट्या सगळ्या पालकाच्या वाफ्यावर अस्ताव्यस्त पसरल्या. सकाळी बघितलं, आणि आळसानं उचलल्या नाहीत. आळसानं! लक्षात घ्या! मी तत्पर असते तर हा शोध लागलाच नसता!

पाऊण वाजला. भिंतीवरून धप्प! मी खिडकीत, हातात वरणाची पळी. भुऱ्या सरळ पालकाकडे गेला. पुढचा उजवा पाय टाकला. खालची तुराटी लडबडली! त्यानं पाय उचलला. डावा टाकला. कुडकुड वाजलं! पाय मागे! मग तो वाफ्याच्या दुसऱ्या बाजूनं आला, तिथंही तेच, आणि मग त्यानं नखं लावून माती ओढायला बघितली आणि माती आलीच नाही, काडीच ओढली गेली, आणि ती काडी दुसऱ्या काडीत अडकलेली, दुसरी तिसरीत! तो बसला. त्यानं मान वाकडी करून वाफ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे! अगदी दुखावल्या नजरेनं! आणि मग उठला, शेजारच्या अंबाडीच्या वाफ्यात गेला, खरखर उकरला, तीनदा गोल फिरला आणि झोपला.

अंबाडी गेली! आणि मी टाळ्या वाजवत होते! पळीतलं वरण भिंतीवर उडालं, अजून डाग आहे, दाखवते नंतर! कारण कळलं का तुम्हाला? एक वाफा तुराटीचा, एक बिनतुराटीचा, कुत्रं तेच, वेळ तीच, आणि त्यानं स्वतः निवडून दाखवलं! शाळेत विज्ञानात मला पस्तीस मार्क होते हो!

त्याच दुपारी, त्या उन्हात, मी जुडी चारही वाफ्यांवर वाटली. पुरली नाही. मग मी पऱ्हाट्या आणायला निघाले, कपाशीच्या काड्या, म्हटलं काडी ती काडी. ओळखीच्या कास्तकाराकडे गेले तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो बाई, पऱ्हाटी घरी नेता? बोंडअळीले पोसाचं हाये का तुमाले?" आणि मग मला कळलं की गुलाबी बोंडअळी वेचणीनंतरही पऱ्हाटीत, उरल्या बोंडांत दडून बसते, आणि पुढच्या कपाशीवर उतरते, म्हणून पऱ्हाट्या साठवून ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं. २०१७ साली तिनं आपल्याकडच्या कपाशीची काय गत केली ते त्यांनी सांगितलं तेव्हा माझं सगळं हसू पळालं. तर पऱ्हाटी नाही. तुराटी! त्यांनी तीन जुड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत, आणि "कुत्र्यासाठी तुराटी!" असं दोनदा स्वतःशीच म्हणाले.

आता टाकायच्या कशा, ते बघा, वाका! आधी आडव्या, दोन काड्यांत चार बोटं जागा. मग त्यांच्यावर उभ्या, तेवढ्याच अंतरावर. खाटेची दोरी विणल्यासारखी जाळी. बांधायच्या नाहीत! मी पहिल्यांदा सुतळीनं घट्ट बांधल्या तर त्या पाटासारख्या पक्क्या झाल्या आणि भुऱ्या त्यावर ऐटीत उभा राहिला. सैलच हव्यात, पाय टाकला की हलल्या पाहिजेत, वाजल्या पाहिजेत! आणि कापलेली टोकं टोकदार असतात, ती आधी दगडानं ठेचून घ्या, त्याच्या पायात नको जायला, आणि तुमच्याही, मला गेली आहेत दोन. मधल्या चार बोटांतून रोप वर येतं. माझा सांबार आलासुद्धा! हा बघा, दोन दोन पानं! पाणीही खाली जातं. आणि झाड मोठं झालं, मुळं धरली, की काड्या काढून दुसऱ्या वाफ्यावर!

पण खरी गंमत पुढे आहे. मला वाटलं होतं तो मुद्दाम करतो. माझ्यावर खुन्नस! भिंत उंच करावी, तार ओढावी, झटका मशीन बसवावी (हे नवऱ्याच्या मित्राचं) असलं सगळं डोक्यात भिंतीचंच चाललं होतं. आणि बुधवारी काकूंना हे सगळं दम न घेता सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अवो वहिनी, त्याले गर्मी होते वो. त्याले थंडी जागा पाह्यजे, तुमचा सांबार घेऊन काय करन तो?"

मी गप्प! मी! दोन मिनिटं!

आणि मग बघा ना सगळं कसं जुळतं! आपली माती काळी. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की त्यात पोराचा चेंडू जातो, आणि भेगांच्या मधली माती वीट! तालुका खारपाणपट्ट्यात, बोअरला खारं पाणी, ते भाजीला चालत नाही, म्हणून मी नळाचं गोडं पाणी ड्रममध्ये भरून ठेवते आणि तांब्या-तांब्यानं वाफ्याला घालते. म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, अख्ख्या गल्लीची जमीन तव्यासारखी, आणि मध्ये एकच जागा ओली, भुसभुशीत, शेणखत घातलेली, गार. माझा वाफा! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना तेवढा, बाकी सगळी जिभेवर मदार. पोटावर केस कमी. म्हणून पोट गार मातीला टेकायचं, आणि वरची माती तापलेली म्हणून ती उकरून खालची काढायची! तो खड्डा म्हणजे त्याचा कूलर होता! आणि कूलरचं पाणी रोज सकाळी मीच भरत होते! तांब्या-तांब्यानं!

हे कळल्यावर मी अशी हसत सुटले की काकू घाबरल्या. आणि मग आम्ही दोघींनी त्यांच्या कडुनिंबाखाली जागा बघितली, काकाजींनी कुदळीनं हातभर माती उकरून भुसभुशीत केली, मी एक जुना बारदाना दिला, तो भिजवून अंथरला, बाजूला पाण्याचं घमेलं. काकाजी म्हणाले, "माह्यासाठी कधी एवढं नाही केलं हिनं." काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

भुऱ्यानं काय केलं? पहिल्या दिवशी बारदाना दातात धरला, ओढत ओढत आणला आणि आमच्या फाटकासमोर पसरून झोपला! मला वाटलं, झालं, गेला शोध पाण्यात! पण तिथं ऊन आलं, बारदाना वाळला, आणि दुसऱ्या दिवशी तो आपणहून कडुनिंबाखाली. आता अकराला काकू बारदान्यावर दोन तांबे ओततात. एकदा त्या लग्नाला कारंज्याला गेल्या होत्या, तर मी भिंतीवरून ओतले.

आज नववा दिवस. चारही वाफे जसेच्या तसे. साड्या सोडून धुतल्या, डोहाळजेवणातलीला एक भोक पडलंय, रफू होईल. बाटल्यांत आता मी झाडांचं पाणी भरून ठेवते. आणि गल्लीतल्या त्या अकरा घरांना माझं सांगणं चालू आहे. तिघांनी ऐकलं, एकानं तुराट्या नेल्या, आणि बाकीच्यांचं म्हणणं की निळ्या बाटल्या चांगल्या दिसतात. दिसतात खऱ्या!

तुम्ही मात्र एक करा. पुढच्या जानेवारीत तुरी सोंगून झाल्या आणि काड्या चुलीकडे निघाल्या, की वेळ घालवू नका, ओळखीच्या कास्तकाराला आधीच सांगून दोन जुड्या बाजूला काढून ठेवा. चार वाफ्यांना चार लागतात. आणि तोवर हवी असेल तर माझ्याकडे अर्धी उरलीय, घेऊन जा, फक्त येताना भिंतीपलीकडे हाक मारू नका. पाऊण ते चार भुऱ्या झोपलेला असतो.